अर्ध्या फेऱ्याची मोटर

गेल्या दिवाळीत भाचा मिशिगनहून चंद्रपूरला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटं, बदाम, त्याच्या आईसाठी घेतलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र आणि जुन्या टी-शर्टात गुंडाळलेली एक लोखंडी वस्तू निघाली. एका अंगाला गोल डबा, त्याला चिकटलेली चपटी पेटी, पेटीतून बाहेर आलेल्या चार-पाच रंगीत वायरी, आणि डब्याच्या बुडाला रबराची काळी टोपी. माझी बहीण म्हणाली, "हे काय आणलंस? मिक्सरची मोटर?"

"मामा, ही माझ्या गाडीच्या दिव्याची मोटर," भाचा म्हणाला. "तिकडं नवी घ्यायची तर परवडत नाही. तुझे ते मिस्त्री आहेत ना, त्यांना दाखवू या."

भाचा तिकडं शिकायला आहे. शिकता शिकता त्यानं एक जुनी माझदा मियाटा घेतली आहे, १९९० सालची, दोन सीटांची, वयानं त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचे पुढचे दिवे दिवसा दिसतच नाहीत. बॉनेटच्या दोन कोपऱ्यांत दोन झाकणं तेवढी दिसतात. रात्री बटण दाबलं की ती झाकणं उचलली जातात आणि खालून दिवे वर येतात, झोपलेल्या बेडकानं डोळे उघडावेत तसे. त्यातला डावा डोळा उघडेनासा झाला होता.

आता चंद्रपूरसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला असल्या गाडीशी काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. पण ती मोटर चार दिवस आमच्या टीव्हीशेजारी पडून होती, आणि येता-जाता तिच्याकडे बघताना मला प्रश्न पडला, की साधा दिवा लपवायला एवढी यातायात कुणी आणि का केली असेल? मग वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो. शेवटी ते आमच्या घरापर्यंतच येऊन पोचलं, हे आधी माहीत नव्हतं.

सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, वायू तयार व्हायचा आणि तो काडीनं पेटवायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि हळूहळू काडीपेटी सुटली. तरी दिवे होते ते मडगार्डवर बसवलेले मोठे पितळी नाहीतर निकेलचे वाडगे. वारा त्यांच्यावर आपटायचा, त्याची फिकीर कुणाला नव्हती, कारण गाड्याच एवढ्या वेगानं जात नव्हत्या.

पुढं वेग वाढला, आणि गाडी दिसायला कशी असावी याचं शास्त्र झालं. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कॉर्ड ८१० नावाची गाडी आली. गॉर्डन ब्यूरिग हा तिचा रेखाटनकार. त्यानं दिवे थेट मडगार्डच्या पोटात घातले. कॉर्ड कंपनीच्या मालकाकडेच स्टिन्सन ही विमानं बनवणारी कंपनीही होती. स्टिन्सन विमानांचे उतरताना लावायचे दिवे पंखात मिटून बसत, तेच या गाडीला लावले. गंमत अशी, की ते उघडायला मोटर नव्हती. डॅशबोर्डाच्या दोन टोकांना दोन हँडल होती. डावं फिरवलं की डावा दिवा, उजवं फिरवलं की उजवा. म्हणजे गाडी चालवणाऱ्यानं डावं फिरवायचं आणि शेजारी बसलेल्या बायकोला सांगायचं, "तुझ्याकडचा उघड गं." दोन वर्षांत अशा सुमारे तीन हजार गाड्या निघाल्या आणि कंपनी बंद पडली.

दिवा लपवायची हौस मात्र गेली नाही, आणि त्याला कारण झाला कायदा. १९४० च्या गाड्यांपासून अमेरिकेत सात इंची, गोल, सीलबंद दिवा हाच एक दिवा चालेल असं ठरलं. काच, आरसा आणि तार एकत्र बंद केलेला असा दिवा कुठल्याही गावात मिळे आणि गेला की अख्खा बदलता येई. नियम चांगला होता. नंतर आकारांत थोडीफार सूट मिळाली, पण गोल नाहीतर चौकोनी ठरलेलाच दिवा, आणि तोही जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर, हे १९८३ पर्यंत चाललं. आता ज्याला चपटी, नाकाशी निमुळती गाडी करायची आहे त्यानं हा थाळीएवढा दिवा बसवायचा कुठं? उपाय एकच. गरज नसेल तेव्हा तो खाली, गरज लागेल तेव्हा वर.

१९६२ मध्ये इंग्लंडच्या लोटस एलाननं हे काम वाऱ्याकडून करवून घेतलं. इंजिन चालू असताना हवा ओढून घेतं, त्या ओढीवर दिवे वर यायचे. ओढ साठवून ठेवायला टाकी हवी, तर गाडीच्या सांगाड्याची पुढची आडवी पोकळ तुळईच टाकी म्हणून वापरली. डोकं बघा! पण रबरी नळीला कुठं बारीकशी चीर पडली, की वाटेतच दिवे पेंगायला लागायचे. पुढच्या वर्षी शेव्हर्ले कॉर्व्हेटनं विजेच्या मोटरी लावल्या आणि तीच पद्धत पुढं रूढ झाली. १९६७ ची टोयोटा २००० जीटी, १९७८ ची माझदा आरएक्स-७, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोत दाखवलेली, हिरोशिमात बनणारी भाच्याची ही मियाटा. तिच्या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. म्हणजे आठ लाखांवर मोटरी. त्यातली एक आमच्या टीव्हीशेजारी.

वाचता वाचता एका नियमाशी मी थबकलो. मिटणाऱ्या दिव्यांचा धोका अमेरिकन सरकारच्या लक्षात आला होता. अंधारात ऐन वेगात असताना झाकण मिटलं तर काय? म्हणून १ जानेवारी १९६९ पासून तिथं एक खास नियम लागू झाला. त्यात तीन गोष्टी मला फार आवडल्या. एक, दिवा उघडा असताना वीज गेली तर तो उघडाच राहिला पाहिजे. दुसरी, बटण दाबल्यापासून तीन सेकंदांत तो पूर्ण उघडला पाहिजे, आणि तेही उणे २९ अंशांपासून ४९ अंश सेल्सिअसपर्यंत कुठल्याही हवेत. आणि तिसरी, यंत्रणा बिघडली तरी कुठलंही हत्यार न वापरता दिवा उघडता आला पाहिजे.

मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या मिशिगनची थंडी आणि आमच्या चंद्रपूरचा मे महिना, दोन्ही बसवलेत बघ एका नियमात." आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ वर जातो. तो नियम लिहिणाऱ्यानं चंद्रपूरचं नावही ऐकलं नसेल, पण आम्हाला त्यानं एका अंशानं का होईना सांभाळून घेतलं होतं.

आणि मग त्या रबरी टोपीचा उलगडा झाला. टोपीखालची प्लास्टिकची घुंडी म्हणजे हाताची सोय. मोटर मेली तर बॉनेट उघडायचं, टोपी काढायची आणि घुंडी बोटांनी फिरवत राहायची. दिवा इंचाइंचानं वर येतो. पाना नको, पेचकस नको. भाचा महिनाभर तेच करत होता. रोज संध्याकाळी बर्फात उभं राहून डावा डोळा हातानं उघडायचा, उजवा आपोआप उघडायचा.

असो. दिवाळीचा पाडवा झाल्यावर आम्ही मोटर घेऊन मिस्त्रींकडे गेलो.

या मिस्त्रींचं दुकान म्हणजे बायपासच्या कडेला टिनाचं एक शेड. बाहेर कोळशाचे ट्रक उभे. आत डायनॅमो, स्टार्टर आणि वायपरच्या मोटरी फळीवर ओळीनं मांडलेल्या, किराणा दुकानात बरण्या असाव्यात तशा. आमच्या भागात वायपर ही चैनीची वस्तू नाही. गडचिरोलीकडे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. वर खाणीतली काळी धूळ. पहिल्या पावसात काचेवर तिचा चिखल होतो, आणि वायपर बंद म्हणजे गाडी बंद. मिस्त्रींनी चाळीस वर्षांत किती वायपर उघडले असतील, त्यांनाच ठाऊक.

त्यांनी टी-शर्ट उलगडला, मोटर हातात फिरवली, पेटीवरचे स्क्रू बघितले आणि हसले.

"हे तं वायपरचीच मोटर होय जी! कायची इस्पोर्ट गाडी? एवढ्यासाठी पोरानं इमानातून आनली?"

भाच्याचा चेहरा पडला. पण मिस्त्रींचं बरोबर होतं, आणि ते का बरोबर होतं हे त्यांनी पेटी उघडून दाखवलं.

वायपरचं तुम्ही एक बघितलं असेल. चालू वायपर मध्येच बंद केला तरी तो काचेच्या मध्यावर थांबत नाही. आपली फेरी पुरी करतो आणि खाली जाऊन गप बसतो. त्याला कसं कळतं कुठं थांबायचं? मोटरच्या दांड्यावर आट्यांचा वर्म असतो. तो एक मोठं चाक फिरवतो, त्याला आमचे मिस्त्री फायबरचा गिअर म्हणतात. मोटर भराभर फिरते, चाक सावकाश फिरतं, त्यामुळे जोर वाढतो. त्या चाकाच्या पाठीवर तांब्याची गोल पट्टी असते आणि तिला एका ठिकाणी खाच असते. पट्टीवर टेकलेल्या पात्यांमधून वीज येते. बटण बंद केलं तरी पातं तांब्यावर आहे तोवर मोटर चालत राहते, आणि पातं खाचेवर आलं की वीज तुटून मोटर थांबते. म्हणजे थांबायची जागा चाकाच्या पाठीवरच लिहून ठेवलेली असते.

मियाटाच्या मोटरीत अगदी हेच. फरक एवढाच, की वायपरला थांबायची जागा एक आणि हिला दोन. ती उलटी कधी फिरतच नाही. दिवा उघडायला अर्धा फेरा, मिटायला त्याच दिशेनं पुढचा अर्धा फेरा. चाकाला जोडलेला दांडा अर्ध्या फेऱ्यात वर जातो, उरलेल्या अर्ध्यात खाली येतो. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "अर्ध्या फेऱ्याची मोटर! एवढंच काम, अन् पोरगं अमेरिकेहून आलं."

पेटीत काय निघालं? पस्तीस वर्षांपूर्वीचं ग्रीस वाळून गुळाच्या काकवीसारखं झालेलं. रबरी टोपीच्या कडेतून पाणी आत शिरलेलं. थंडीच्या देशांत बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, तेच खारं पाणी. तांब्याच्या पट्टीवर हिरवं साचलेलं आणि पात्याच्या टोकाशी काजळी. कार्बन मात्र अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होते, आर्मेचर ठणठणीत होतं, गिअरचा एकही दात गेलेला नव्हता. मोटर मेलीच नव्हती. तिला थांबायची आणि निघायची जागा सापडत नव्हती, एवढंच.

मिस्त्रींनी पेटी पेट्रोलनं धुतली. तांब्याची पट्टी पॉलिश पेपरनं घासायला मी सुचवलं, तर म्हणाले, "नाही जी. पट्टी कागदावानी पातळ हाये." मग त्यांनी नातवाच्या दप्तरातलं खोडरबर मागवलं आणि त्यानं पट्टी पुसली. तांबं नव्या पैशासारखं चमकलं. पात्यांना चिमट्यानं किंचित वाकवून ताण दिला. नवं ग्रीस भरलं, पण बोटभरच. जास्त भरलं की ते वितळून तांब्यावर येतं आणि पुन्हा तेच दुखणं. मग ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एका बॅटरीवर मोटर लावली. ट्रकचं चोवीस व्होल्ट, हिचं बारा. मोटर 'घुर्र' करून अर्धा फेरा फिरली आणि थांबली. दुसऱ्या वायरीला वीज दिली, पुढचा अर्धा फेरा. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. शेडमधले दोन ट्रक ड्रायव्हरही येऊन बघत उभे राहिले.

मिस्त्रींनी भाच्याला दोन गोष्टी बजावल्या. बसवताना आधी बॅटरीची वायर काढायची, नाहीतर मोटर अचानक फिरेल आणि दांड्यात बोट सापडेल. आणि टोपीच्या कडेला थोडं ग्रीस लावायचं, म्हणजे पाणी आत जाणार नाही. घेतले तीनशे रुपये.

सगळ्याच मोटरी अशा सोप्या निघत नाहीत, हे भाच्यानं येताना सांगितलं. त्याच्या एका मित्राकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरची कॉर्व्हेट आहे. तिच्या गिअरच्या आत धक्का झेलायला प्लास्टिकचे तीन छोटे तुकडे असतात, कडीपत्त्याच्या बियांएवढे म्हणा. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांचा भुगा होतो. मग मोटर नुसतीच घरघरते आणि दिवा हलत नाही. मालकाला वाटतं मोटर गेली. खरं तर गेलेले असतात ते तीन तुकडे. यंत्रातली दणकट वस्तू क्वचितच मरते. आधी मरतं ते तिच्यातलं रबर, प्लास्टिक, ग्रीस. ज्याला हे माहीत आहे तो मिस्त्री, बाकीचे पार्ट बदलणारे.

संध्याकाळी घरी आलो, तेव्हा बहिणीनं विचारलं, "झाली का मिक्सरची मोटर?" भाच्यानं तिला घुंडी फिरवून दाखवली. म्हणाला, "आई, हे बघ, वीज नसली तरी हातानं उघडतो दिवा." ती घुंडीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आपल्या जीपसारखं."

तिला ते आठवणं शक्य नाही. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि तापात बेशुद्ध होती. आमच्या आईनं इतक्या वेळा सांगितलं, की ती आठवण आता तिची झाली आहे. मला मात्र खरंच आठवतं. मी दहा वर्षांचा होतो.

१९८३ चा ऑगस्ट. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बाबा आलापल्लीच्या पुढं, भामरागडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात शिक्षक होते. वीज नव्हती. ज्या चंद्रपुरात मोठं औष्णिक केंद्र त्याच सुमारास सुरू होत होतं, त्याच्याच शेजारच्या जंगलात आम्ही कंदिलाच्या काचा राखेनं पुसत होतो. बहिणीला हिवताप झाला होता, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला झटके यायला लागले. तो भाग हिवतापाचा, डोक्यात ताप चढला म्हणजे काय हे तिथल्या पोरासोरांनाही कळायचं. अहेरीच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता. बांबूच्या ठेकेदाराची जीप गावात मुक्कामाला होती. ड्रायव्हर जेवत होता, तसाच हात धुऊन उठला.

निघालो तेव्हा पाऊस नव्हता, पण रस्त्यावर नाल्यांचं पाणी होतं. दोन नाले ओलांडले. तिसऱ्यातून बाहेर पडलो आणि दोन्ही दिवे एकदम गेले. ते जंगल सागवानाचं आणि बांबूचं. तिथला अंधार म्हणजे समोर हात धरला तर हात दिसत नाही. इंजिन चालू होतं. आई काही बोलत नव्हती, फक्त बहिणीच्या तोंडाशी कान नेऊन श्वास ऐकत होती.

त्या जुन्या जीपांना डिपर पायाशी असायचा. क्लचच्या बाजूला, फरशीवर, लोखंडी बटण. डाव्या पायानं दाबलं की दिवा वर, पुन्हा दाबलं की खाली. जागा अशी, की सगळं पाणी आणि चिखल तिथंच यायचं. ड्रायव्हरनं बाबांना बॅटरी धरायला सांगितली, स्वतः खाली वाकला, चिखलातून ते बटण चाचपलं आणि त्याच्या खालच्या वायरी ओढून काढल्या. त्यातली एक वीज आणणारी, एक वरच्या दिव्याची, एक खालच्या दिव्याची. दातानं त्यांची टोकं सोलली. पहिल्यांदा जोडलं तेव्हा ठिणगी उडाली, काही लागलं नाही. दुसऱ्यांदा वरच्या दिव्याची वायर सापडली. समोरचा रस्ता एकदम उभा राहिला. रस्त्याच्या कडेला चितळांचा कळप उभा होता, सगळे डोळे आमच्याकडे. इतका वेळ ती तिथंच होती.

"गुरुजी, पोरीले घट्ट धरा," ड्रायव्हर म्हणाला. "आता डिपर नाही. सीधा उजेड हाये."

तो एका हातानं स्टिअरिंग धरून आणि दुसऱ्या हातानं त्या दोन वायरींचा पीळ दाबून आलापल्लीपर्यंत गेला. तिथं एका ट्रकवाल्याकडून चिकटपट्टी मिळाली. अहेरीत पोचलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. क्विनाइनची सलाईन लागली. सकाळी बहिणीनं पाणी मागितलं.

त्या ड्रायव्हरचं पुढं काय झालं, कुणास ठाऊक. बाबांनी त्याला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, वायर होती म्हणून जमलं.

"वायर होती म्हणून जमलं." हे वाक्य मला चाळीस वर्षांनी कळलं. त्या जीपमध्ये दिवा आणि बॅटरी यांच्यामध्ये माणसाच्या हाताला जागा होती. बटण बिघडलं तर त्याला वळसा घालून जाता येत होतं. मियाटाच्या मोटरीवरची घुंडी म्हणजे तीच जागा, कारखान्यानं मुद्दाम ठेवलेली आणि सरकारनं नियम करून मागितलेली. बिघाड होणारच, हे गृहीत धरून कुणीतरी दूरवरच्या टेबलाशी बसून लिहिलं, की बिघडताना दिव्यानं उघड्या बाजूला बिघडावं, आणि उघडायला माणसाचे रिकामे हात पुरावेत. असा नियम लिहिणारा माणूस कधीतरी अंधारात अडकला असेल, असं मला उगाचच वाटतं.

मिटणारे दिवे आता बनत नाहीत. १९८३ नंतर अमेरिकेनं हव्या त्या आकाराच्या दिव्यांना परवानगी दिली आणि लपवायचं मूळ कारणच संपलं. दिवसाही दिवे लावायची पद्धत बऱ्याच देशांत आली, मग रात्रीपुरते उघडणारे दिवे कशाला? युरोपात पायी चालणाऱ्याला धडक बसली तर कमी लागावं म्हणून गाडीच्या नाकावर टोकदार काही नको, असे नियम झाले. शिवाय मोटरी, दांडे, वायरी यांचं वजन आणि खर्च. २००४ मध्ये कॉर्व्हेटची पाचवी पिढी आणि लोटस एस्प्री या शेवटच्या दोन गाड्या बंद झाल्या, आणि तो प्रकार संपला.

आपल्याकडे दिव्याला पापणी होती ती रंगाची. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी दिवे काळे केले होते, आणि नंतरही कित्येक वर्षं ट्रक-बसच्या दिव्यांवर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून काळा ठिपका नाहीतर वरचा अर्धा भाग रंगवलेला असायचा. आता उलट झालं आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवा बंद करायचं बटणच नाही. इंजिन चालू की दिवा चालू. अपघात कमी व्हावेत म्हणून केलेला नियम आहे, त्याला माझी हरकत नाही. पण ताडोब्याच्या बाजूनं रात्री परत येताना समोरून एलईडीचा पांढरा झोत येतो आणि दोन क्षण काही दिसत नाही, तेव्हा मला त्या चितळांची आठवण येते. दिवा कधी उघडायचा याइतकंच तो कधी मिटायचा हेही महत्त्वाचं आहे. तेवढ्यासाठी डिपर अजून आहे. वापरणारा पाय मात्र, आता बोट म्हणू या, कमी झाला.

मिस्त्रींचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्याकडे हल्ली नव्या गाड्यांचे दिवे येतात. काच डिंकानं बंद, आत एलईडीची पट्टी, मागं छोटा संगणक. उघडायचं म्हटलं तर काच तापवून सोलावी लागते, आणि सोलली तरी आत बदलण्यासारखं काही मिळत नाही. "अख्खं असेंब्ली बदला म्हनतात जी. तीस हजार, चाळीस हजार. मंग आमाले कोन इचारते?" त्यांचा मुलगा आता वायपर उघडत नाही. मोबाइलचं दुकान टाकलं आहे. मिस्त्री तक्रार म्हणून हे सांगत नाहीत. नवे दिवे जास्त टिकतात, जास्त उजेड देतात, हे त्यांना कुणी सांगायला नको. फक्त ते एकदा म्हणाले, की पूर्वी वस्तू बिघडली की माणूस त्यांच्याकडे यायचा, आता बिघडली की वस्तू जाते.

भाचा मोटर घेऊन परत गेला. या खेपेला ती त्यानं टी-शर्टात न गुंडाळता आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधली. दहा दिवसांनी त्याचा फोन आला, व्हिडिओवर. मिशिगनमध्ये संध्याकाळ होती, आमच्याकडे पहाट. अंगणात बर्फ, त्यात ती छोटी लाल गाडी. त्यानं बटण दाबलं. दोन्ही झाकणं एकदम उचलली गेली. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित आधी उघडला. नव्या ग्रीसचा गुण.

"मामा, मिस्त्रींना सांग," तो म्हणाला.

बहीण माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं विचारलं, "आणि ती घुंडी? ती आहे ना अजून?"

"आहे गं आई. टोपीखाली आहे."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.